पहिल्या अंकात हजेरी घेऊ नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. तीन वेगवेगळ्या कॉमिक मालिकांमधले चार सुपरहीरो, त्यांना एका गोष्टीत आणणारा सहा अंकांचा क्रॉसओव्हर, प्रत्येक अंक 22 पानांचा. पहिल्या अंकात चौघांची ओळख, दुसऱ्याच्या शेवटी चौघं एकत्र. दोन्ही अंकांची स्क्रिप्ट लिहून झाली आहे. ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात, 'छान आहे, तिसऱ्या अंकापासून रंगेल.' आणि नेमकं कुठे बिनसलंय ते तुम्हाला सापडत नाही, कारण प्रत्येक प्रसंग सुटा वाचला तर बरा वाटतो.

प्रसंगांत बिनसलेलं नाहीच. 'तिसऱ्या अंकापासून रंगेल' याचा सरळ अर्थ असा की गोष्ट तिसऱ्या अंकात सुरू होते आणि पहिले दोन अंक म्हणजे नमनाला घातलेलं घडाभर तेल. पहिला अंक विकत घेणारा माणूस तिसऱ्यापर्यंत थांबत नाही.

हे मी वरून सांगत नाही, स्वतः आपटून शिकलोय. स्क्रिप्ट लिहिण्यात आणि संपादनात मिळून वीसेक वर्षं झाली. माझ्या पहिल्या क्रॉसओव्हरमध्ये पहिल्या अंकाची सोळा पानं चार नायकांच्या एन्ट्रीला दिली होती, प्रत्येकी मोजून चार. एक जण बँक वाचवतो, दुसरी पडणारी क्रेन तोलून धरते, तिसरा प्रयोगशाळेत काहीतरी पुटपुटतो, चौथा पावसात गच्चीवर उभा राहून विचार करतो. गच्ची आणि पाऊस तर हवाच! चित्रकाराचा फोन आला, 'हे चार वेगवेगळे अंक आहेत ना? चुकून एकाच फाइलमध्ये आलेत का?' मी हसलो. तो विनोद करत नव्हता, हे अंक छापून आल्यावर कळलं.

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे. पहिल्या अंकाचं काम नायकांना एकत्र आणण्याचं नाही. नायक जसे होते तसे घरी परतण्याची वाट बंद करणं, हे त्याचं काम. वाट बंद झाली की एकत्र येणं आपोआप घडतं, त्याला पानं द्यावी लागत नाहीत. आणि वाट बंद न करता नुसते एकत्र आणलेत, तर वाचकाच्या मनात एकच प्रश्न राहतो: हे आत्ता उठून घरी गेले तर काय बिघडेल?

गाजलेल्या क्रॉसओव्हरचे पहिले अंक या नजरेने उघडून बघा. डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचा 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स', 1985 चा, बारा अंकांचा. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रं जॉर्ज पेरेझ यांची. लोक म्हणतात त्यात शेकडो पात्रं आहेत, आणि आहेतही. पण पहिला अंक त्यांच्यापासून सुरू होत नाही. सुरुवातीला विश्वांची उत्पत्ती, मग अनेक समांतर पृथ्व्यांपैकी एकीला गिळत येणारी पांढरी भिंत, मग अर्थ-थ्री ही आणखी एक. या पृथ्वीवर सगळं उलटं असतं: सुपरमॅन, वंडर वुमन, बॅटमॅन यांच्या जागी अल्ट्रामॅन, सुपरवुमन, आउलमॅन हे गुन्हेगार, आणि तिथला एकमेव नायक म्हणजे अलेक्झांडर लुथर. जग संपतंय म्हटल्यावर ते गुन्हेगारसुद्धा ते वाचवायला धडपडतात आणि मरतात. लुथर आणि त्याची बायको लोइस आपलं तान्हं बाळ रॉकेटमध्ये घालून दुसऱ्या पृथ्वीकडे पाठवतात.

इथे दोन कामं एकदम झाली. वाचकाला कळलं की ही लढाई हरता येते, कारण एक आख्खं विश्व डोळ्यांसमोर हरलं. आणि ते रॉकेट बघून सुपरमॅनचा नष्ट झालेला ग्रह क्रिप्टॉन आठवल्याशिवाय राहत नाही. तान्हेपणी रॉकेटमधून पाठवलेल्या सुपरमॅनची जन्मकथा पुन्हा घडतेय, पण वाईटांच्या जगात. ते समजावून सांगणारा संवादाचा एकही बलून लागत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात पुढे हजेरी आहेच की! आहे. हार्बिंजर नावाची दूत स्वतःची अनेक रूपं करून वेगवेगळ्या काळांतून आणि जगांतून माणसं गोळा करते: गोरिला सिटीचा राजा सोलोव्हार, फायरस्टॉर्म, ब्लू बीटल, अर्थ-टूचा वयस्कर सुपरमॅन, आणखी बरेच. पण ही हजेरी जग संपल्यानंतरची आहे, पहिल्या पानापासूनची नाही. शिवाय प्रत्येक बोलावण्यात एक काटा पेरलेला आहे. फायरस्टॉर्मची शत्रू किलर फ्रॉस्ट ऐकेना म्हणून, दुसऱ्यांच्या भावना बदलू शकणाऱ्या सायको-पायरेटकरवी तिला फायरस्टॉर्मच्या प्रेमात पाडलं जातं. आणि एरिअन या जादूगाराला आणायला गेलेलं हार्बिंजरचंच एक रूप सावलीतल्या राक्षसाच्या तावडीत सापडतं, म्हणजे बोलावणारीच फुटलेली आहे. बोलावणं असं लिहावं. 'माझ्यासोबत चल, जगाला तुझी गरज आहे' एवढंच म्हणणारा प्रसंग मी संपादक म्हणून डोळे मिटून कापतो.

आणखी एक गंमत बघा. बॅटमॅन त्या पहिल्या बोलावण्यात नाही. सगळ्यात मोठं नाणं वुल्फमन यांनी पहिल्या अंकात खर्चच केलं नाही. तो दुसऱ्या अंकात येतो, जोकरच्या मागावर, म्हणजे त्याच्या नेहमीच्या उद्योगात. मध्येच फ्लॅश समोर उभा राहतो, मदत मागतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत झिजून नाहीसा होतो. बॅटमॅनला कोणी निमंत्रण दिलेलं नाही, संकट त्याच्या घरात शिरलंय. तुमच्या चार नायकांमध्ये जो सर्वांत लोकप्रिय असेल त्याला असा राखून ठेवता येईल का बघा. प्रकाशकाला पटणार नाही, त्याला मुखपृष्ठावर तो हवाच असेल. मुखपृष्ठावर द्या की, पान 1 वर द्यायची सक्ती नाही.

डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हल, तिचा 1991 चा 'इन्फिनिटी गॉन्टलेट' तर याहून सरळ आहे. जिम स्टारलिन यांनी पहिल्या अंकाच्या अखेरीस थॅनॉसकडून चुटकी वाजवून घेतली आणि विश्वातले अर्धे जीव नाहीसे झाले. चित्रपटांमुळे आता ही चुटकी सगळ्यांना ठाऊक आहे, पण चित्रपटात ती एका भागाचा शेवट आहे. कॉमिकमध्ये ती सहा अंकांच्या गोष्टीतल्या पहिल्याच अंकात येते. नवखा लेखक ती पाचव्या अंकासाठी राखून ठेवतो आणि चार अंक 'चुटकी वाजेल का' यावर घालवतो. स्टारलिन यांना त्या प्रश्नात रस नव्हता. वाजली, पुढे काय? तुमच्या सहा अंकांच्या आराखड्यात चौथ्या-पाचव्या अंकात जी सगळ्यात भयंकर घटना असेल ती उचलून पहिल्या अंकाच्या पान 22 वर ठेवून बघा. दहापैकी आठ वेळा गोष्ट सुधारते. उरलेल्या दोन वेळा निदान कळतं की ती घटना तितकी भयंकर नव्हतीच.

आता मार्व्हलचाच 'सीक्रेट वॉर्स', कारण तो माझ्या म्हणण्याला छेद देतो असं वाटण्याचा संभव आहे. मे 1984 ते एप्रिल 1985, बारा अंक, लेखन जिम शूटर, मुख्यतः माइक झेक यांची चित्रं. मुळात हा मॅटेलच्या खेळण्यांसाठी जन्मलेला प्रकार. 'सीक्रेट' आणि 'वॉर्स' हे शब्द मुलांना भावतात असं मॅटेलच्या पाहणीत निघालं म्हणून हे नाव पडलं, हे शूटर यांनीच सांगितलेलं आहे. पहिल्या अंकात नायक एका यानात, खलनायक दुसऱ्यात, सगळे आधीच अंतराळात. कोण कसं आलं याची भानगड नाही. मॅग्नेटो हा खलनायक मात्र नायकांच्या यानात निघतो, आणि तिथेच भांडण पेटतं. एका पात्राची जागा बदलली आणि पानंच्या पानं संघर्ष फुकट मिळाला. मग बियॉन्डर नावाची अदृश्य शक्ती सांगते की शत्रूंना मारा, हवं ते मिळेल. गॅलॅक्टस तिच्याकडे झेपावतो आणि माशी झटकावी तसा झटकला जातो. ग्रह गिळणाऱ्याला झटकणारं कोणीतरी आहे, हे मोजमाप दोन-चार पॅनेलमध्ये झालं. नवा खलनायक किती बलाढ्य आहे हे त्याच्या तोंडून सांगू नका. वाचकाला माहीत असलेल्या बलाढ्याला त्याच्याकडून आपटा.

पण खरी हुशारी त्या अंकाबाहेर होती. त्या काळात मालिकांमधून नायक एका विचित्र यंत्रात शिरले आणि पुढच्याच अंकात परतलेसुद्धा, तेही बदलून. स्पायडर-मॅन काळ्या पोशाखात परतला. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या 252 व्या अंकावर मे 1984 हाच महिना आहे, म्हणजे 'सीक्रेट वॉर्स'चा पहिला अंक आणि युद्धावरून परतलेला स्पायडर-मॅन एकाच महिन्याचे. तो पोशाख त्याला मिळाला कुठून, हे 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकात, डिसेंबरमध्ये. फॅन्टास्टिक फोर या चौघांच्या संघात थिंगऐवजी शी-हल्क दिसू लागली, थिंग तिकडेच राहिला. सगळे जिवंत परत येणार हे वाचकाला पहिल्या महिन्यातच कळलेलं होतं, तरी त्यांनी वर्षभर अंक घेतले. म्हणून मी 'घरी परतण्याची वाट' म्हणताना 'जसे होते तसे' हे शब्द जोडतो. मरतील की जगतील या प्रश्नात फारसा दम नसतो, सुपरहीरो मरून परत येतात हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. बदलून येतील, कसे ते माहीत नाही, यात दम आहे.

तुमच्याकडे तीन मालिका चालू आहेत म्हणता. मग ही सोय तुमच्याही हातात आहे. क्रॉसओव्हरचा पहिला अंक येईल त्याच महिन्यात एका मालिकेत नायकाचा डावा हात निकामी झालेला दाखवा, कारण सांगू नका. फक्त संपादकाशी आधी लेखी बोलून घ्या. माझ्या एका कामात मालिकेच्या लेखकाला हे कळवायचं राहून गेलं आणि निकामी हाताने त्याने पुढच्या महिन्यात ट्रक उचलला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मार्व्हलच्या 'सिव्हिल वॉर'च्या पहिल्या अंकाला द्या. 2006 चा, लेखक मार्क मिलर, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हन. मला ती संपूर्ण मालिका तितकीशी आवडत नाही, उत्तरार्धात पात्रं कथानकाच्या सोयीने वागतात. पहिला अंक मात्र समोर ठेवून, पान-पान मोजून अभ्यासावा असा आहे.

न्यू वॉरियर्स नावाचे दुय्यम दर्जाचे तरुण नायक टीव्हीच्या रिअ‍ॅलिटी शोसाठी शूटिंग करतायत. कनेटिकटमधल्या स्टॅमफर्ड गावात काही खलनायक एका घरात लपलेत. हे खलनायक आपल्याला झेपणारे नाहीत हे दिसत असूनही, रेटिंगसाठी ते आत घुसतात. नॅमोरिटा नायट्रोचा पाठलाग करते आणि त्याला एका शाळेच्या बसवर आदळते. शेजारी शाळा. नायट्रोची शक्ती कोणती? स्फोट होणं.

आता थांबून मोजा. कॅप्टन अमेरिका अजून आलेला नाही, आयर्न मॅन नाही, स्पायडर-मॅन नाही. ज्यांच्या नावावर अंक विकला जाणार त्यांतला एकही नाही, आणि वाट बंद झालेली आहे. 600 च्या वर माणसं गेली, त्यांत मुलं आहेत. हे कोणा परग्रहवासीयाने केलेलं नाही, नायकांच्या उथळपणातून घडलंय. मोठे नायक येतात ते ढिगारा उपसायला. त्यांची एन्ट्री हीच. मग अंत्यविधीला टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, जातो आणि मुलगा गमावलेली एक आई त्याच्या तोंडावर थुंकते. सुपरहीरोंनी सरकारकडे नोंदणी करावी असा कायदा, त्यावरचा आख्ख्या मालिकेतला वाद, मुखवटे, सगळं त्या एका थुंकण्यात आलं. टोनी पुढे सरकारच्या बाजूला का गेला हे सांगायला भाषणाची गरज उरली नाही.

त्याच अंकात तराजूचं दुसरं पारडंही भरलं जातं. फॅन्टास्टिक फोरमधल्या जॉनी स्टॉर्मला क्लबबाहेर जमाव बेदम मारतो, म्हणजे लोकांचा राग आंधळासुद्धा आहे. हेलिकॅरियर या उडत्या तळावर सरकारी अधिकारी मारिया हिल कॅप्टन अमेरिकाला सांगते की कायदा न पाळणाऱ्या नायकांना पकडायला मदत कर. कायदा अजून झालेलाही नाही. तो नकार देतो, बंदुका रोखल्या जातात, तो लढत बाहेर पडतो आणि उडत्या लढाऊ विमानावर उडी घेतो. शेवटी टोनी आणि त्याच्या बाजूचे नायक रीड रिचर्ड्स आणि हँक पिम राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात उभे. आता सांगा, वाचक कुठल्या बाजूचा? अंक मिटताना त्याला ठरवता येत नाही, आणि म्हणून तो दुसरा घेतो. खलनायक तर जवळजवळ नाहीच. तुमच्या स्क्रिप्टमध्ये खलनायक पान 9 वर तीन पॅनेल हसतो आणि योजना सांगतो, असं तुम्ही लिहिलंय. तो काढलात तर पहिला अंक उभा राहतो का, हे एकदा कागदावर करून बघा.

एका पात्राला मारून वाट बंद करणं हा सोपा मार्ग, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. 2008 च्या 'फायनल क्रायसिस'च्या पहिल्या अंकात मार्शियन मॅनहंटर काही पॅनेलमध्ये मारला जातो. धक्का बसतो, पण तो मला नेहमी बातमीसारखा वाटलाय. 2009 च्या 'ब्लॅकेस्ट नाइट'च्या पहिल्या अंकात हॉकमन आणि हॉकगर्ल मरतात. तिथे मारायला येतात ते राल्फ आणि स्यू डिबनी, त्यांचे मेलेले मित्र. हा मृत्यू लागतो, कारण मारणारे हात मित्रांचे असतात. मारायचंच असेल तर कोण मरतो यापेक्षा कोणाच्या हातून मरतो यावर जास्त वेळ घालवा.

आता पानांच्या हिशेबावर येतो, कारण शेवटी सगळं तिथे येऊन अडतं. 22 गुणिले 6 म्हणजे 132 पानं. ऐकायला भरपूर वाटतात. चार नायक, त्यांच्या मालिकांमधली किमान एकेक जवळची व्यक्ती, दोन खलनायक, शेवटच्या अंकातली मोठी लढाई. लढाईचं पान साधारण तीन ते पाच पॅनेलचं, संवादाचं पाच-सहाचं. एका पॅनेलमध्ये चाळीसच्या वर शब्द गेले की चित्रकाराला चित्राऐवजी बलून काढावे लागतात. देवनागरीत तर मात्रा, वेलांट्या आणि उकारांमुळे ओळींत जास्त अंतर सोडावं लागतं, म्हणून मी तीसवर थांबतो. पहिल्या अंकासाठी माझा कच्चा हिशेब असा: वाट बंद करणारी घटना पान 8 च्या आत, तिचा परिणाम भोगणारा एक माणूस पान 12 पर्यंत, आणि चारपैकी दोनच नायक पूर्ण आकारात. तिसरा पार्श्वभूमीत दिसला तरी चालेल. चौथा पान 22 वर, किंवा येऊच नये.

पान उलटण्याचं गणित नवखे विसरतात. छापील अंकात पान 1 उजवीकडे असतं, मग 2 आणि 3 समोरासमोर, 4 आणि 5 समोरासमोर. म्हणजे पान उलटल्यावर डोळ्यांवर आदळणारं पान नेहमी सम आकड्याचं. धक्का सम पानावर ठेवायचा, विषम पानाच्या शेवटच्या पॅनेलमध्ये त्याची चाहूल द्यायची. दोन पानी स्प्रेड हवा असेल तर तो सम पानावरच सुरू होणार. पान 22 सम आहे, म्हणून शेवटचा क्लिफहँगर पान उलटून मिळतो, हे नशीबच म्हणायचं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये शहर कोसळल्याचा धक्का पान 15 वर आहे. वाचक 14 वाचत असतानाच त्याला शेजारी कोसळलेलं शहर दिसणार. एक पान पुढे ढकला. जाहिराती मध्ये येणार असतील तर त्या कुठे येतात ते आधी विचारा, नाहीतर हे सगळं गणित कोलमडतं. डिजिटलवर एकेक पान सुटं वाचलं जातं, तिथे प्रत्येक पान उलटूनच समोर येतं. तरीही मी छापील हिशेबाने लिहितो, कारण तो पाळल्याने डिजिटलमध्ये काही बिघडत नाही.

दुसरा अंक. माझ्या मते क्रॉसओव्हर पहिल्यात नाही, दुसऱ्यात बुडतात. पहिल्यात निदान नवलाई असते. दुसऱ्यात लेखकाला वाटतं, चला, आता सगळ्यांना एका खोलीत बसवून परिस्थिती समजावून देऊ. टेबल, भिंतीवर नकाशा, सात जण, आणि प्रत्येकाला एकेक वाक्य वाटून दिलेलं. असं पान चित्रकाराला शिक्षा असते आणि वाचकाला झोप.

त्याऐवजी जोड्या पाडा, आणि चुकीच्या पाडा. ज्यांचं जमेल त्यांना एकत्र पाठवू नका. तुमच्या चौघांत एक पोलिसांशी सहकार्य करणारा आहे आणि एक फरार आहे असं तुम्ही लिहिलंत. ते दोघं दुसऱ्या अंकात एका लिफ्टमध्ये हवेत. चौघं एका चौकटीत तिसऱ्या अंकाआधी यायलाच हवेत असा काही नियम नाही.

'दोघे भेटतात, गैरसमज होतो, मारामारी होते, मग मैत्री' हा प्रकार तुम्ही दुसऱ्या अंकात ठेवलाय. तो 1940 पासून चालत आलाय, ह्यूमन टॉर्च आणि नेमॉर 'मार्व्हल मिस्ट्री कॉमिक्स'मध्ये भिडले तेव्हापासून. वाचकाला मारामारी हवी असते, त्यामुळे ती काढा असं मी म्हणणार नाही. गैरसमज तेवढा काढा. एका वाक्यात मिटू शकेल असा गैरसमज असला की वाचक मनातल्या मनात ते वाक्य ओरडत राहतो. दोघांना खरोखर वेगळं काहीतरी हवं असू द्या.

2003 मध्ये आलेल्या 'जेएलए/अव्हेंजर्स'मध्ये कर्ट ब्युसिक यांनी हे कसं सोडवलं ते बघण्यासारखं आहे. डीसीची जस्टिस लीग आणि मार्व्हलचे अव्हेंजर्स, दोन कंपन्यांचे संघ, म्हणजे भिडणार हे ठरलेलंच. पण भांडण गैरसमजातून येत नाही, दोन जगांच्या स्वभावातून येतं. जस्टिस लीगला मार्व्हलची पृथ्वी दिसते ती हुकूमशहांनी आणि द्वेषाने भरलेली. फ्लॅश एका म्युटंटला (जन्मतःच शक्ती असलेल्या माणसाला) जमावापासून वाचवायला जातो आणि त्याचीच गती तिथे चालत नाही. त्यांना वाटतं, इथले नायक करतात तरी काय? उलट अव्हेंजर्सना डीसीच्या जगात नायकांची संग्रहालयं दिसतात, आणि त्यांना वाटतं, हे लोक स्वतःची पूजा करून घेतात की काय! दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. तुमच्या तीन मालिकांची जगंही सारखी नसणार. एकीत पोलिस भ्रष्ट, दुसरीत पोलिस देवमाणूस, असं काहीतरी असेलच. एकमेकांच्या शहरात पाठवा आणि काय खटकतं ते लिहा. भांडण आयतं मिळेल.

समान न्यायाचा हट्टही जरा सैल करा. 1976 च्या सुपरमॅन-स्पायडर-मॅन अंकात जेरी कॉनवे आणि रॉस अँड्रू यांना तो पाळावाच लागला: एक प्रस्तावना सुपरमॅनची, एक स्पायडर-मॅनची, मग तुरुंगात सुपरमॅनचा शत्रू लेक्स लुथर आणि स्पायडर-मॅनचा शत्रू डॉक्टर ऑक्टोपस यांची गाठ. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या तराजू घेऊन बसल्या होत्या, आणि दोनच नायक होते, म्हणून ते निभावलं. तुमच्याकडे एकच प्रकाशक आहे. प्रत्येक नायकाला समान पानं देण्याची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही, ती तुम्हीच करून घेतली आहे. सहा अंकांत हिशेब जुळला तरी पुरे. पहिल्यात एकाला दहा पानं मिळाली आणि दुसऱ्याला शून्य, तर ज्याला शून्य मिळालं त्याचा चाहता दुसऱ्या अंकात त्याची वाट बघेल.

पहिल्या अंकाच्या आधी शून्य क्रमांकाचा अंक काढू का, असंही विचारलंय. ओळखी करून देण्यासाठी असेल तर नको. 2005 मध्ये 'इन्फिनिट क्रायसिस'च्या आधी डीसीने 80 पानांचा एक अंक 1 डॉलरला काढला होता. त्यात ब्लू बीटल, ज्याला कोणी गांभीर्याने घेत नाही, एका कटाचा माग काढत एकेका मोठ्या नायकाकडे जातो आणि एकटा पडत शेवटी मारला जातो. बघा, ती हजेरीच आहे! मोठमोठी नावं एकेक करून येऊन जातात. पण प्रत्येक भेटीत तो थोडा आणखी एकटा पडतो, म्हणून ती ओळख-परेड वाटत नाही. असा ब्लू बीटल तुमच्याकडे असेल तर जरूर काढा.

तुमच्या स्क्रिप्टवर मी काय करेन ते सांगतो. पहिल्या अंकातली पहिली आठ पानं काढून बाजूला ठेवेन. फेकणार नाही, त्यातला क्रेनवाल्या मजुराचा संवाद चांगला आहे (तुमच्याही अंकात क्रेन आहेच, कुठून येतात या क्रेना कोणास ठाऊक). पान 15 वर कोसळणारं शहर पान 4-5 च्या स्प्रेडवर आणेन. ते का कोसळलं हे सांगणार नाही, पण कोसळताना तुमच्या फरार नायिकेच्या हाताचा ठसा ढिगाऱ्यात सापडला असं दाखवेन. तो मजूर ढिगाऱ्यात वाचलेला एकटा माणूस असेल आणि पान 6 ते 12 त्याच्यासोबत चालेन. तोच पोलिसांशी सहकार्य करणाऱ्या नायकाला तो ठसा दाखवतो. नायक तो ओळखतो आणि पोलिसांना काही सांगत नाही. खलनायकाचं हसणं काढेन. पान 22 वर नायिका स्वतःचा हात बघते आणि तिलाही काही आठवत नसतं.

बाकीचे दोघं दुसऱ्या अंकात. त्यातल्या एकाची गच्चीवरची तीन पानं आहेत, पावसातली. ती मात्र मला न विचारता काढून टाका.